हावडा स्टेशनवरची सुई आणि मुंबईतला प्लेगचा जंतू

गुन्ह्याचा तपास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरच्या मालिका येतात. हातमोजे घातलेली माणसे येतात, चिमट्याने एक केस उचलतात आणि तासाभरात गुन्हेगार सापडतो. प्रत्यक्षात घटनास्थळावरचे काम बरेच संथ असते. आधी जागा बंद करायची, काहीही हलवण्यापूर्वी फोटो काढायचे, मोजमापे घेऊन नकाशा करायचा. मग प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून सील करायची, पंचनामा लिहायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होता एडमंड लोकार. त्याचे शिक्षण वैद्यकशास्त्राचे आणि कायद्याचेही. १९१० साली त्याने फ्रान्समधल्या लियाँ शहरात न्यायालयाच्या इमारतीतल्या दोन माळ्यावरच्या खोल्यांत पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. त्याचे म्हणणे साधे होते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संपर्क आला की प्रत्येक गोष्ट दुसरीवर काहीतरी मागे ठेवून जाते. धूळ, रक्त, धागा, ठसा. तपास करणाऱ्याने तेवढे शोधायचे.

पण घटनास्थळ म्हणजे गर्दीचा रेल्वे फलाट असेल तर? हत्यार कुणी पाहिलेच नसेल, हल्लेखोर गर्दीत नाहीसा झाला असेल आणि मृतदेहाचे दहनही झाले असेल तर? आपल्या देशात १९३३ साली नेमके असेच घडले. तरीही तो गुन्हा उघडकीला आला. त्याचे श्रेय पोलिसांना आहे, आणि आपण एका गुन्ह्याशी जोडले गेलो आहोत याची कल्पनाही नसलेल्या काही माणसांनाही आहे. या प्रकरणाचा मोठा धागा आपल्या मुंबईत आहे, म्हणून ते जरा सविस्तर पाहू.

फलाटावर काय घडले?

पाकुर ही तेव्हाच्या बिहारमधली, आजच्या झारखंडमधली एक जमीनदारी. वडिलांच्या निधनानंतर ती दोन सावत्र भावांकडे आली. थोरला बिनयेंद्र चंद्र पांडे आणि धाकटा अमरेंद्र चंद्र पांडे. इस्टेटीवरून त्यांच्यात वाद होता.

१९३२ साली देवघर येथे बिनयेंद्रने धाकट्या भावाला नाकावर चिमट्यासारखा बसणारा चष्मा घालून पाहायला दिला. चष्मा नाकावर दाबला गेला आणि कातडी खरचटली. काही दिवसांत अमरेंद्रला धनुर्वात झाला. प्रतिविष देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवले.

२६ नोव्हेंबर १९३३ रोजी अमरेंद्र नातेवाईकांबरोबर पाकुरला जायला कलकत्त्याजवळच्या हावडा स्टेशनवर आला. बिनयेंद्रही तिथे अचानक हजर झाला. गर्दीत खादीचे कपडे घातलेला एक बुटका माणूस अमरेंद्रला घासून गेला आणि त्याच क्षणी उजव्या दंडात काहीतरी टोचल्याचे अमरेंद्रला जाणवले. रक्त तपासून घे, गावाला जाऊ नकोस, असे काही नातेवाईकांनी सांगितले. बिनयेंद्रने ती बाब किरकोळ ठरवली आणि प्रवास झाला.

तीन दिवसांनी अमरेंद्र कलकत्त्याला परतला. त्याला ताप चढला, काखेत गाठ आली. दंडावर सुई टोचल्याची खूण डॉक्टरांना दिसली. ४ डिसेंबरला तो गेला. वय अवघे विशीच्या आसपास.

एका तपासणीने काय सांगितले?

शवविच्छेदन झाले नाही. अंत्यसंस्कार उरकले. गुन्हा इथेच कायमचा पुसला गेला असता. पण रुग्ण जिवंत असताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक गोष्ट केली होती. त्यांनी त्याचे रक्त ‘कल्चर’साठी पाठवले होते.

ब्लड कल्चर म्हणजे काय, हे आजही पुष्कळ रुग्ण विचारतात. रक्तात जंतू असले तरी बहुधा ते इतके थोडे असतात की नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत. म्हणून ते रक्त जंतूंना मानवेल अशा पोषक द्रवात घालतात आणि शरीराच्या तापमानाला ठेवतात. जंतू असतील तर ते वाढतात, मग ओळखता येतात. वाढीला वेळ लागतो, म्हणून रिपोर्टही उशिरा येतो. या रक्ताचा रिपोर्टही अमरेंद्रच्या मृत्यूनंतर आला. त्यात प्लेगचा जंतू निघाला.

मराठी माणसाला प्लेग नव्याने सांगायला नको. १८९६ साली तो मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेल्या. येर्सिनिया पेस्टिस या जंतूमुळे हा रोग होतो. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावल्या की तो शरीरात शिरतो. साधारण दोन ते सात दिवसांत ताप येतो आणि चावा जिथे असेल त्याच्या जवळच्या लसिका ग्रंथी सुजतात. पिसवा बहुतेक वेळा पायाला चावतात, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. हाताकडून जंतू शिरला तर ती काखेत येते.

आता या माहितीच्या उजेडात अमरेंद्रचा आजार पाहा. सुईची खूण दंडावर, गाठ काखेत. टोचल्यापासून आजारापर्यंतचा काळ प्लेगला जुळणारा. त्या वेळी कलकत्त्यात प्लेगची साथ नव्हती. घरात आणि प्रवासात त्याच्या सोबत असलेल्या कुणालाच तो आजार झाला नाही. मग हा जंतू एकट्या अमरेंद्रच्या दंडात कुठून आला?

लोकारचा नियम इथे वेगळ्याच रूपात लागू पडला. सुई नाहीशी झाली, पण तिने रक्तात आपला ठसा सोडला होता. अमरेंद्रचे शरीर हेच खरे घटनास्थळ होते आणि त्याचा पंचनामा त्याच्या हयातीतच एका काचेच्या नळीत झाला होता.

मुंबईच्या नोंदवह्या

जानेवारी १९३४ मध्ये एका नातेवाइकाने कलकत्ता पोलिसांकडे तक्रार केली. पोलिसांपुढचा प्रश्न सरळ होता. प्लेगचे जिवंत जंतू कुणाला आणि कुठे मिळू शकतात?

उत्तर परळला होते. १८९७ साली वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेचे पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बस्तान बसले आणि १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. लस करायची तर जंतू सांभाळावे लागतात. त्यामुळे प्लेगचे जिवंत जंतू मिळण्याचे देशातले प्रमुख ठिकाण तेच होते.

पोलिसांना तिथल्या पत्रव्यवहारात एक तार सापडली. कलकत्त्याचे एक डॉक्टर, तारानाथ भट्टाचार्य, यांनी १९३२ साली प्लेगचे जंतू मागितले होते. बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा, असे सांगून संस्थेने नकार दिला होता. हा तारानाथ बिनयेंद्रचा मित्र होता.

१९३३ च्या जुलैमध्ये दोघे मुंबईत आले. प्लेगवर औषध सापडले आहे आणि त्याची चाचणी करायची आहे, असे सांगून तारानाथने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात काम करण्याची परवानगी मिळवली. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. रुग्णालयाच्या विनंतीवरून हाफकिनमधून जंतू आले. तारानाथने ते उंदरांवर वापरून पाहिले आणि काही दिवसांतच काम अर्धवट टाकून तो निघून गेला.

हॉटेलची नोंद, रुग्णालयाची नोंद, संस्थेची पत्रे. फलाटावर पोलिसांना काहीच सापडले नाही, पण शेकडो मैलांवरच्या या कागदांनी साखळी पूर्ण केली. त्या कारकुनांनी, प्रयोगशाळेतल्या सहायकांनी आणि डॉक्टरांनी रोजचे काम नीट केले होते, आलेल्या माणसाचे नाव आणि तारीख लिहिली होती. एवढेच त्यांचे तपासातले योगदान, आणि ते फार मोठे ठरले.

१९३५ साली बिनयेंद्र आणि तारानाथ यांना फाशीची शिक्षा झाली. आरोपी केलेले दुसरे दोन डॉक्टर सुटले. जानेवारी १९३६ मध्ये उच्च न्यायालयाने दोघांची शिक्षा बदलून जन्मठेप, म्हणजे त्या काळचे काळे पाणी, केली. सुई टोचणारा माणूस मात्र कधीच सापडला नाही.

आज प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी औषधे आहेत आणि वेळेवर दिली तर रुग्ण वाचतो. १९३३ साली यातले एकही नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोधच १९४३ सालचा. अमरेंद्रच्या डॉक्टरांच्या हातात निदान होते, उपचार नव्हता. तरीही त्यांनी निदानाचा प्रयत्न सोडला नाही. त्यामुळे रुग्ण वाचला नाही, पण त्याचा मृत्यू ‘ताप येऊन गेला’ या एका ओळीत संपला नाही.

याचा आपल्याशी काय संबंध?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. पण तज्ज्ञ पोहोचेपर्यंत मधले काही तास जातात. त्या तासांत घटनास्थळावर असतात घरची माणसे, शेजारी आणि जवळचा डॉक्टर. म्हणून काही गोष्टी प्रत्येकाला माहीत असाव्यात.

पहिले काम जीव वाचवणे. पुरावा जपण्यासाठी उपचार एक मिनिटही थांबवायचे नाहीत. १०८ ला फोन करा.

विषबाधेचा संशय असेल तर बाटली, डबी, गोळ्यांची रिकामी पट्टी, उरलेले अन्न रुग्णाबरोबर आणा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने धोका वाढतो. उलटी आधीच झाली असेल तर फरशी पुसण्यापूर्वी थोडी स्वच्छ बरणीत घेऊन झाकण लावा. कोणते विष पोटात गेले हे कळले तर उपचारही नेमके करता येतात.

मारहाण किंवा अत्याचार झाला असेल तर कपडे धुऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणामुळे बुरशी येते आणि रक्ताचे वा इतर डाग खराब होतात. लैंगिक अत्याचारानंतर शक्यतो आंघोळ न करता रुग्णालयात या. आंघोळ झाली असली तरीही या, आणि लवकर या. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी उपचार मोफत देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे.

डॉक्टरांना सगळे सांगा. ‘दंडात काहीतरी टोचले’ हे एक वाक्य अमरेंद्रच्या प्रकरणात किती मोलाचे ठरले ते आपण पाहिले. लाजेने किंवा भीतीने एखादी गोष्ट लपवली तर चुकीच्या दिशेने तपासण्या होतात. ‘मेडिको-लीगल केस’ नोंदवली की नातेवाईक घाबरतात. पोलिसांना कळवणे हे डॉक्टरचे कायदेशीर कर्तव्य आहे. तो तुमच्यावरचा आरोप नव्हे.

मृत्यू अचानक किंवा संशयास्पद असेल तर अंत्यविधीची घाई करू नका. ‘चिरफाड नको’ ही घरच्यांची भावना समजण्यासारखी आहे. पण पोलिसांनी शवविच्छेदन सांगितले तर त्याला नातेवाइकांची संमती लागत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचा फायदा कुटुंबालाच होतो. कधी संशय फिटतो, कधी घरातल्या इतरांना असलेला संसर्गाचा किंवा विषाचा धोका वेळीच कळतो. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्याचा अर्थ जठर, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे भाग सीलबंद बरणीत रासायनिक तपासणीसाठी पाठवले, एवढाच.

कागद जपून ठेवा. चिठ्ठ्या, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले. रुग्ण बरा होऊन घरी आला तरी एक फाईल करा आणि तारखेनुसार लावा. पुढचा डॉक्टर बहुधा ती उपचारासाठीच उघडेल. कधीकाळी न्यायालयात लागली, तर त्या दिवशी नवा कागद तयार करता येत नाही.