सा. न. वि. वि. ते भापो

जुन्या पोस्टकार्डावर 'ता.' तीनदा भेटतो आणि तिन्ही वेळा वेगळा निघतो. वरच्या कोपऱ्यात तो तारीख असतो, पत्त्याच्या बाजूला तालुका होतो, आणि सही झाल्यावर काही सांगायचे राहून गेले की 'क.'चा हात धरून ताजा कलम बनून येतो. तरी गोंधळ कुणाचाच होत नसे. जागा ठरलेल्या होत्या आणि वाचणाऱ्याला त्या पाठ होत्या. मराठी लिहिणाऱ्यांनी शब्द आखडण्याची ही सवय टपालखात्याकडून घेतली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची, मोडीच्या दप्तरातली आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तरातला कोणताही कागद उलगडला की आखूड शब्दांची रांग समोर येते. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे, 'बि॥' म्हणजे बितपशील, 'गु॥' म्हणजे गुजारत. बोरूने झरझर लिहिणारा कारकून शब्दाचे पहिले अक्षर टाकी, पुढे दोन दंड ओढी आणि पुढच्या शब्दाकडे वळे. तारखेच्या आधी येणारा 'छ' तर एकटाच उभा असतो. 'छ १५ सफर' यातला छ म्हणजे चंद्र, म्हणजेच मुसलमानी महिन्याची तिथी. त्याला दंडांचीही गरज पडली नाही.

खरी गंमत त्या दोन दंडांची. तेच दंड श्लोकाच्या शेवटी येतात आणि तेच हिशेबात अर्धा दाखवतात. '१॥' म्हणजे दीड, '२॥' म्हणजे अडीच. अक्षरापुढे दंड आले तर शब्द तुटलेला, आकड्यापुढे आले तर रक्कम वाढलेली. मोडी शिकायला बसलेला माणूस पहिल्या काही कागदांत इथे हमखास अडखळतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. तेव्हापासून छापल्या गेलेल्या हजारो पत्रांत ही चिन्हे बालबोध अक्षरांतही तशीच राहिली आहेत.

घाई आणि कागदाची टंचाई ही कारणे खरी, पण पुरेशी नाहीत. मराठी पत्र आखडले ते मुख्यतः अदबीच्या ओझ्याने. पत्राचा मायना हे दरबारात एक शास्त्रच होते. कुणाला नुसते 'राजश्री' लिहायचे, कुणाला 'राजमान्य राजश्री', कुणापुढे 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' जोडायचे, हे पायरी पाहून ठरे आणि पायरी चुकली तर रुसवा ओढवे. मानापानात कपात करता येत नाही, म्हणून कपात अक्षरांत झाली. राजमान्य राजश्रीचे 'रा. रा.' झाले. कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष हा सगळा पसारा 'कृ. सा. न. वि. वि.'मध्ये मावला. वडीलधाऱ्यांना 'ती. स्व.', धाकट्यांना 'चि.' आणि 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी 'क. लो. अ. ही वि.', कळावे लोभ असावा ही विनंती. लोभ पाच अक्षरांत मागणारी माणसे रुक्ष होती असे मात्र नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य ठाऊक असले की खूण पुरते.

एकोणिसाव्या शतकात छापखाने आले आणि मेजर थॉमस कँडी यांनी मराठीला इंग्रजी वळणाची विरामचिन्हे लावून दिली. दोन दंड हळूहळू मागे पडले आणि त्यांच्या जागी टिंब आले. मजकूर मात्र जुनाच राहिला.

टिंबाने एक घोटाळाही जन्माला घातला. 'पै.' घ्या. हिशेबाच्या वहीत 'रु.'च्या शेजारी तो पैसे. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्तीच्या फलकावर नावाआधी आला की पैलवान. आणि मुसलमान कुटुंबातल्या दिवंगत माणसाच्या नावाआधी आला की पैगंबरवासी, हिंदू घरातल्या 'कै.'सारखा. तालमीत रोज जोर काढणाऱ्या एखाद्या धडधाकट मुसलमान मल्लाच्या नावाआधी 'पै.' वाचून परगावच्या पाहुण्याने हळहळ व्यक्त केली, तर त्याला दोष कसा द्यावा?

नावाआधीची ही अक्षरे निरुपद्रवी नसतात. 'कु.', 'चि. सौ. कां.', 'सौ.', 'गं. भा.' या चार खुणांत बाईचे अवघे आयुष्य नवऱ्याच्या असण्यानसण्यावर मोजलेले आहे. पुरुषाच्या 'श्री.'वरून मात्र तो विवाहित की विधुर, काहीच कळत नाही. २०२३मध्ये राज्याचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे केला आणि टीकेचे मोहोळ उठले. निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. दोन अक्षरे आणि दोन टिंबे, पण त्यांनी मंत्र्याला बोलते केले.

पत्त्यावरच्या 'मु. पो.'ची अडचण वेगळीच होती. एका नावाची गावे ठिकठिकाणी, त्यामुळे मुक्काम पोस्ट, ता., जि. एवढे लिहूनही पत्रे भरकटत. त्यावर तोडगा निघाला तो आणखी एका संक्षेपाने. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन सुरू झाला, आणि तो आखणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित होते. पोस्टल इंडेक्स नंबर हे त्याचे पूर्ण नाव किती जणांना आठवते? एटीएमच्या पिनचा तर टपालाशी संबंधच नाही, पण गिऱ्हाईक दोघांनाही एकाच हाकेने बोलावते.

'एसटी'चेही असेच. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून हा शब्द खेड्यापाड्यात इतका रुळला की त्यात इंग्रजी अक्षरे आहेत हेच लोक विसरले. गाडी चुकली की 'एसटी गेली', स्थानकाला 'एसटी स्टँड'. आणि त्याच महाराष्ट्रात अनुसूचित जमातीही 'एसटी'च. 'एसटीसाठी मोर्चा' एवढेच कानावर आले तर गावाला बस हवी आहे की धनगर समाजाला आरक्षण, हे बातमी पुढे ऐकल्याशिवाय कळायचे नाही.

१९९६मध्ये 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. परदेशात पांगलेली मराठी माणसे तिथे लिहू लागली आणि जुन्या कारकुनांचे कसब नव्या हातांत आले. 'भावना पोहोचल्या'चे 'भापो' झाले. हसून हसून पुरेवाट झाली की 'हहपुवा'. इंग्रजी 'बाय द वे'ची मुद्दाम वेडीवाकडी मराठी करून 'रस्त्याच्या कडेने' बनवले आणि त्याचे लगेच 'रच्याकने' केले. इथे टिंबही गळाले. अक्षरे एकमेकांना चिकटून सरळ शब्दच तयार झाले, जसे पूर्वी पु. ल.चे 'पुल', गदिमा आणि वपु झाले होते.

मायन्यातल्या अदबीचाही एक वारस इथे सापडतो. 'हेमावैम', म्हणजे हे माझे वैयक्तिक मत. एखाद्याची कविता, पाककृती किंवा राजकारण यांच्या पार चिंधड्या उडवून झाल्या की शेवटी हे चार अक्षरांचे लोटांगण घालायचे. समोरचाही मग तितक्याच नम्रपणे 'भापो' लिहितो आणि पुढच्या परिच्छेदात बाह्या सरसावतो.