बियांचे परतीचे टपाल

जबाबी कार्ड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उत्तराचा खर्च विचारणाऱ्याने आधीच भरायचा, ही त्यातली सोय. आता समजा, विलायतेतल्या एखाद्या बागवानाकडे चिमूटभर बी मागायचे आहे. पाकिटात आपले तिकीट घालून काय उपयोग? तिथल्या टपालात ते चालायचे नाही. म्हणजे बी द्यायचे त्यानेच आणि हशीलही भरायचे त्यानेच! मागणाऱ्याला संकोच वाटणारच.

जागतिक टपाल संघ १८७४ साली बर्न येथे स्थापन झाला. हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. पण ही अडचण सुटायला १९०६ ची रोमची परिषद यावी लागली. तिथे ‘आंतरराष्ट्रीय जबाबी कूपन’ ठरले आणि १९०७ च्या ऑक्टोबरात ते सुरू झाले. आपल्या पोस्टात कूपन घ्यायचे, पत्रात घालून धाडायचे. पलीकडचा माणूस ते आपल्या पोस्टात देऊन परदेशी जाणाऱ्या एका साध्या पत्रापुरती तिकिटे घेई. पुढे १९२० साली बोस्टनच्या चार्ल्स पॉन्झीने याच कूपनांच्या नावावर हजारो लोकांना बुडवले, पण ती गोष्ट निराळी.

बियांची पुडी एका कूपनात भागे. कंदांचे तसे नाही. ग्लॅडिओलसचे चार कंद घेतले तरी वजन भरते. मग कूपनेही जास्त हवीत. शिवाय कंदाबरोबर माती येते, मातीबरोबर कीड. आपल्याकडे त्यासाठी १९१४ सालीच कायदा झाला. तेव्हा शिक्षकमित्रहो, शाळेच्या बागेसाठी परदेशी बी मागवणार असाल, तर टपालखर्चाच्या आधी आयातीचा परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला, ही दोन कागदपत्रे बघा.