पटावरचें नांव

दिवाळी सरली कीं शहापूर-मुरबाडकडील कित्येक कातकरी झोंपड्यांना कड्या लागतात. पावसाळ्यांत घेतलेली उचल फेडण्यासाठीं बिऱ्हाडें भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. 1976 च्या कायद्यानें वेठीस बांधणारीं कर्जें रद्द ठरविलीं. उचल थांबली नाहीं. मुलाचें नांव मात्र गांवच्या पटावर राहतें, आणि त्या नांवावरचा आहारही तेथेंच.

वास्तविक याच जिल्ह्यानें निराळा कित्ता घालून दिला होता. 1945 सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. बोर्डी तेव्हां ठाणे जिल्ह्यांतच होती. मुलें येईनात, म्हणून बाईंनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडास गुरांमागील पोरांसाठीं कुरणांत शाळा भरली. अंगणवाडी हा शब्द या प्रयोगांतला. 1975 च्या सरकारी बालविकास योजनेनें तो उचलला; मुलामागें जाण्याची रीत तितकीशी उचलली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

वसईकडे विधायक संसदेनें 1995 च्या सुमारास भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराचें खोपट. पण एक संस्था किती भट्ट्यांना पुरणार?

ज्येष्ठांत बिऱ्हाड परततें, तेव्हां नांव पटावर जसेंच्या तसें असतें. त्यापुढें नुसत्या गैरहजेऱ्या.