मड: मध्यरात्रीनंतर उघडणारं जग

आजच्या भागात एका साइड प्रोजेक्टचा इतिहास. तो कुणी मागितला नव्हता, त्याला मार्क मिळणार नव्हते, आणि तरीही आज कोट्यवधी लोक ज्या ऑनलाइन जगांत तासन् तास रमतात, त्यांची मुळं शोधत गेलं की आपण त्याच्यापाशी येऊन पोहोचतो.

थोडं मागून सुरुवात करू. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर. नोकरी बीबीएन या कंपनीत, काम आर्पानेटचं, म्हणजे इंटरनेटच्या आजोबांचं. छंद गुहा धुंडाळण्याचा. घटस्फोटानंतर मुलींना खेळायला काहीतरी असावं, म्हणून १९७०च्या दशकाच्या मध्यात त्याने केंटकीमधली एक खरी गुहा शब्दांत उभी केली. चित्र एकही नाही. उत्तरेला जा, दिवा घे, असं टाइप करायचं आणि पुढे काय दिसतं ते वाचायचं. हा 'अ‍ॅडव्हेंचर' खेळ डॉन वुड्सने वाढवला. तो खेळून एमआयटीतल्या पोरांनी 'झॉर्क' लिहिला, आणि झॉर्कची फोरट्रानमधली आवृत्ती 'डंजन' या नावाने विद्यापीठा-विद्यापीठांत फिरू लागली. पण या सगळ्या खेळांत तुम्ही एकटेच. भूतबंगल्यात शिरलात तरी सोबतीला कुणी नाही.

आता १९७८ची शरद ऋतूतली सत्रं. इंग्लंडमधलं एसेक्स विद्यापीठ, तिथलं डीईसी कंपनीचं पीडीपी-१० मशीन, आणि रॉय ट्रबशॉ नावाचा विद्यार्थी. इथे जरा थांबू, कारण मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग हा आहे. त्या मशीनवर एकच प्रोग्राम दहा जण चालवत असतील, तर त्याच्या दहा प्रती मेमरीत ठेवणं परवडायचं नाही. म्हणून एक भाग सामाईक असायचा. ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखा: सगळ्यांनी वाचायचं, लिहायचं कुणीच नाही. ट्रबशॉच्या लक्षात आलं की लिहिण्यावरची ही बंदी एका सिस्टिम कॉलने उठवता येते. मग फळ्यावर मी लिहिलेलं तुला दिसेल, तू लिहिलेलं मला. म्हणजे मी खोलीत आलो हे तुला कळेल! पहिली आवृत्ती ही एवढंच तपासायला केलेली, काही तासांचं काम. दुसरीही असेंब्लीतच, पण चांगली खेळता येण्याजोगी. तिसरी त्याने १९७९च्या अखेरीला बीसीपीएल भाषेत नव्याने लिहायला घेतली.

नाव ठेवलं 'मल्टि-यूझर डंजन', थोडक्यात मड. यातलं डंजन म्हणजे तोच तो झॉर्कचा फोरट्रान अवतार. मड म्हणजे चिखल, आणि गंमत म्हणजे खेळात गोळा केलेला खजिना नेऊन टाकायचा तोही दलदलीत. टाकला की गुण. गुण साठत साठत शेवटी तुम्ही 'विझर्ड' होता, आणि विझर्डला त्या जगात जवळजवळ काहीही करता येतं.

१९८० मध्ये ट्रबशॉ पदवी घेऊन बाहेर पडला आणि प्रकल्प रिचर्ड बार्टलकडे आला. त्या जगाचा मोठा भाग लिहिला बार्टलने. दोघंही साध्या, कष्टकरी घरांतले. इंग्लंडमध्ये तुमच्या उच्चारावरून तुमची जागा ठरते, तर आपल्या जगात ती माणसाच्या करणीवरून ठरावी, असं आपल्या मनात होतं, हे बार्टलने पुढे वारंवार सांगितलंय. मला हे अर्धंच पटतं. शिडी बदलली, पण शिडी राहिलीच की. वरच्या पायरीवरचा विझर्ड खालच्याला छळू शकायचाच. शिवाय १९८०च्या दशकात घरी मोडेम असणं हीच चैन होती. तरीही टाइप केलेल्या शब्दांना उच्चार नसतो, एवढं मात्र खरं.

विद्यापीठाने एक मोठी गोष्ट केली: अडवलं नाही. मशीन रिकामं असेल तेव्हा, म्हणजे मध्यरात्रीनंतर, बाहेरच्यांनाही फोनच्या जाळ्यावरून येऊ दिलं. आपल्या आयटीत ऑफर लेटरमध्ये बऱ्याचदा एक कलम असतं, की नोकरीत असताना तुम्ही जे काही बनवाल ते कंपनीचं. रात्री घरी बसून केलेलंसुद्धा. ते वाचताना मला हे एसेक्सचं मशीन आठवतं.

त्या रात्रीच्या पाहुण्यांपैकी एक होता अ‍ॅलन कॉक्स. हो, पुढे लिनक्स कर्नलमुळे नाव झालेला तोच. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला शिकताना १९८७ मध्ये त्याने मित्रांसोबत 'अ‍ॅबरमड' लिहिला. तो सी भाषेत आला आणि युनिक्स मशीनवर भराभर पसरला. त्यानंतर टायनीमड, एलपीमड, आणि कोपनहेगनच्या पाच विद्यार्थ्यांचा डिकूमड. डिकूचा कोड सगळ्यांना खुला, पण त्यावर पैसे कमवायचे नाहीत ही अट. १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला तेव्हा तो खेळायला इतका डिकूसारखा वाटला, की आम्ही तो कोड वापरलेला नाही असं त्याच्या प्रोग्रामर्सना शपथेवर लिहून द्यावं लागलं.

'मड हाच पहिला का?' असं कुणी विचारेलच. अमेरिकेत प्लेटो यंत्रणेवर अनेकांनी मिळून खेळायचे खेळ आधीपासून होते. पण ते त्या यंत्रणेतच राहिले. मडचं बी वाऱ्यावर गेलं. मड हे एका खेळाचं नाव उरलंच नाही, सगळ्या प्रकाराचं झालं.

मूळ मडचं काय झालं? १९८७ मध्ये तो कॉम्प्युसर्व्ह कंपनीकडे 'ब्रिटिश लेजंड्स' नावाने गेला आणि एसेक्समधला बंद पडला. १९९९च्या अखेरीला वायटूकेच्या साफसफाईत कॉम्प्युसर्व्हनेही तो काढून टाकला. मग व्हिक्टर टोथ नावाच्या प्रोग्रामरने जुना बीसीपीएल कोड सी++मध्ये उतरवला आणि २००० मध्ये खेळ पुन्हा इंटरनेटवर उभा केला. तोही असाच, हौसेखातर. खेळ सुरू होतो एका अरुंद रस्त्यावर. पुढे कुठे जायचं ते टाइप करायचं.