पाणथरी उजळते तेव्हा

नाशिकमध्ये आज बोन स्कॅन करायचा तर रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम जोडलेले एमडीपी हे औषध टोचतात, दोन-तीन तास थांबतात, आणि मग गॅमा कॅमेऱ्याखाली अवघा सांगाडा उमटतो. मूत्रपिंडे आणि मूत्राशय त्यात दिसणारच, कारण उरलेले औषध लघवीवाटे बाहेर पडते. पण क्वचित डाव्या बरगड्यांआड पाणथरीही उजळते. हाडांसाठी दिलेले औषध तिथे कसे पोचले, हे पाहायला आपण १९३५ पर्यंत मागे जाऊ.

त्या वर्षी कोपनहेगनमध्ये जॉर्ज द हेवेशी यांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन हाडातले खनिज सतत बदलत असते हे दाखवले. १९३७ मध्ये सेग्रे आणि पेरिए यांना पालेर्मोत टेक्नेशियम सापडले, तरी वैद्यकात ते रुळायला दोन तपांहून अधिक काळ गेला. मधल्या वर्षांत हाडांसाठी स्ट्राँशियम-८५ वापरत. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६५ दिवसांचे, त्यामुळे मात्रा बेताची आणि चित्र धूसर. खरे वळण आले १९७१ मध्ये. भारतातून अमेरिकेत गेलेले गोपाल सुब्रमण्यन आणि त्यांचे सहकारी जॉन मॅकअफी यांनी सिरॅक्यूस येथे टेक्नेशियम फॉस्फेटच्या साखळीला जोडले. पुढे १९७५ मध्ये त्याच कुळातले एमडीपी आले. सुब्रमण्यन यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. इकडे तुर्भ्याला १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली होती, आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. टेक्नेशियमचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे. पण त्याला जन्म देणारे मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मे होते, म्हणून ते कसारा घाट चढून नाशिकपर्यंत येऊ शकते.

फॉस्फेटची ओढ कॅल्शियमकडे, मग ते हाडाबाहेर साचलेले का असेना. आता दुसरा धागा पाहू. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या रक्तपेशींचे वर्णन केले. १९५२ मध्ये त्या निलगिरीत आणि १९५८ मध्ये नागपुरात नोंदल्या गेल्या. सिकलसेल या आजारात या पेशी पाणथरीच्या बारीक वाहिन्या तुंबवतात. तिचे भाग पुन्हापुन्हा मरतात आणि तिथे कॅल्शियम साचते. १९७० च्या दशकात डॉक्टरांना अशा पाणथऱ्या बोन स्कॅनवर दिसू लागल्या, आणि हाडांच्या तपासणीतून रक्ताचा आजार ओळखण्याची वाट सापडली. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल आहे. तिथून हाडदुखी घेऊन आलेल्या माणसाच्या स्कॅनवर पाणथरी उजळली, तर अहवालात तिची वेगळी नोंद हवी आणि रक्ताची तपासणी आधी झाली नसेल तर ती लगेच व्हायला हवी.