दोन नावांची एक नाव



आजचा माझा विषय एका लहानशा शर्यतीच्या नावेचा आहे. इतिहासाच्या व्याख्यानाला तो किरकोळ आहे असे आपणांपैकी काहींना वाटेल. वीस फूट लांबी, दहा फूट रुंदी, वर माणसे दोन. हिने लढाई जिंकली नाही की नवा खंड शोधला नाही. तथापि एखादी कल्पना चांगली असूनही शंभर वर्षे कशी खोळंबते, आणि अखेर कोणाच्या हातून मार्गी लागते, हे पाहावयाचे असेल तर ह्या टॉर्नेडो नावाच्या कटॅमरानसारखे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

शब्द आपल्याच देशातला आहे. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम् म्हणजे लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकमेकांना बांधून त्यांवरून समुद्रात जात. विल्यम डॅम्पियर ह्या इंग्रज दर्यावर्दीने १६९७ साली छापलेल्या प्रवासग्रंथात त्यांची हकीकत दिली आहे. गंमत अशी की, तो तराफा. दोन नावा त्यात नाहीतच. दोन अरुंद नावा आडव्या दांड्यांनी जोडण्याची विद्या पॅसिफिक महासागरातील बेटकऱ्यांची. इंग्रजांनी वस्तू एका समुद्रातली उचलली आणि तिला नाव दिले दुसऱ्या समुद्रातले! आपल्या कोकणातली उलांडीची होडीही ह्याच गोतातली. होडीच्या एका बाजूला दोन दांड्यांवर तरते लाकूड बांधलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचे तत्त्व समजावयास वेळ लागणार नाही.

शिडात वारा भरला की नाव कलते. ती उलटू नये म्हणून तिचे पोट रुंद करावे, किंवा तळाशी शिसे बांधावे, हा युरोपचा रिवाज. परंतु रुंद पोटाची नाव पाणी फाडीत नाही, ढकलते. वेग वाढवू गेले की स्वतःच उठविलेल्या लाटेचा चढ तिला चढवत नाही. उलट दोन सडपातळ नावा एकमेकींपासून दूर ठेवून जोडल्या, तर आधार अंतराचा मिळतो, वजनाचा नव्हे. शिसे गेले, लाट गेली, आणि वेग आला.

हे युरोपला कळले नव्हते असे नाही. सर विल्यम पेटी ह्या विद्वानाने १६६२ च्या सुमारास डब्लिनला अशी जोडनाव करून स्थानिक नावांवर मात केली. त्याची पुढची मोठी नाव १६६४ साली राजा दुसरा चार्ल्स ह्याच्या समक्ष पाण्यात उतरली आणि दुसऱ्या वर्षी वादळात बुडाली. टवाळांना निमित्त मिळाले.

खरा अन्याय पुढचा आहे. जून १८७६. अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त न्यूयॉर्कला नावांच्या शर्यती भरल्या. नथॅनिएल हेरेशॉफ ह्या तरुण अभियंत्याने 'अमॅरिलिस' ही जोडनाव आणली आणि नामांकित नावांना सहज मागे टाकले. हरलेल्यांनी तक्रार केली, तक्रार मानली गेली, आणि अशा नावांना शर्यतीची दारे बंद झाली. हेरेशॉफने पेटंट घेतले, आणखी काही नावा केल्या. पण जिला शर्यतीत जागा नाही तिला गिऱ्हाईक कोठून मिळणार? तो निमूटपणे एकतळी नावांकडे वळला आणि पुढे अमेरिका चषक राखणाऱ्या नावा त्यानेच रचल्या. तक्रार करणाऱ्यांना मी केवळ मत्सरी म्हणणार नाही. लाखांच्या नावा बाळगणाऱ्यांना एका हलक्याफुलक्या सांगाड्याने हरवावे, हे दुःख खरेच असणार. पण त्यांच्या दुःखापायी जवळजवळ ऐंशी वर्षे वाया गेली.

ती कोंडी फोडली दोघा भावांनी. टेम्सच्या मुखाशी कॅन्व्ही बेटावर रोलँड आणि फ्रान्सिस प्राउट हे वडिलांच्या कारखान्यात वल्ह्यांच्या लहान होड्या बनवीत; १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते स्वतः वल्हवीत उतरले होते. सडपातळ होडी म्हणजे काय हे त्यांच्या हातांना माहीत होते. दोन होड्या जोडून त्यांनी शीड चढविले आणि त्यातूनच 'शिअरवॉटर' जन्मली. १९५६ पासून तिची तिसरी आवृत्ती मोठ्या संख्येने विकली गेली, आणि मग जोडनावेला मोडीत काढणे कोणालाच शक्य राहिले नाही.

आता टॉर्नेडो. आंतरराष्ट्रीय यॉट रेसिंग युनियनने जोडनावांचे वर्ग ठरविले होते. त्यांतील 'बी' वर्गाला वीस फूट लांबी, दहा फूट रुंदी आणि २३५ चौरस फूट शीड ही कमाल मर्यादा. ऑलिंपिकला शोभेल अशी नाव निवडण्यासाठी १९६७ साली इंग्लंडमध्ये चाचण्या योजल्या. एसेक्समधील ब्राइटलिंगसी ह्या खाडीकाठच्या गावी रॉडनी मार्च ह्याने आराखडा केला. टेरी पिअर्स आणि रेज व्हाइट हे त्याचे साथीदार. मर्यादा दिली होती तेवढी सगळी त्यांनी वापरली.

माझ्या मते त्यांची खरी करामत कागदावर नाही, सुतारशाळेत आहे. नावेचा गोलवा आणावयाचा तर साचा हवा, फासळ्या हव्यात, महिने हवेत. ह्यांनी पातळ प्लायवुडचे दोन तक्ते नेमक्या आकारात कापले, तळकण्याच्या – कोकणातले सुतार ज्याला पठाण म्हणतात त्या – रेषेवर तारेने शिवले, पुस्तकासारखे उघडले, सांधा गोंद आणि काचतंतूच्या पट्टीने पक्का केला, आणि मग वरच्या कडा ओढून मिटल्या. मिटताना तक्ता निमूट वाकत नाही. तो पीळ खातो, आणि त्या पिळातूनच पोटाचा गोलवा आपोआप उभा राहतो. लाकूडच अर्धा आराखडा काढते म्हणा ना! कापण्याची रेषा अर्ध्या इंचाने चुकली तर मात्र दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. त्यामुळे सारी अक्कल पहिल्या कापात. हौशी माणसाला घरच्या पडवीत ही नाव बांधता येई, आणि अनेकांनी ती बांधली. पुढे कारखान्यात काचतंतूच्या नावा साच्यातून निघू लागल्या. पण आकाराचे मोजमाप कडक ठेवल्याने पडवीतली नाव आणि कारखान्यातली नाव एकाच रेषेवरून सुटू शकत.

दहा फूट रुंदीची नाव रस्त्याने न्यावी कशी, हीही अडचण होतीच. त्यासाठी दोन्ही नावा ॲल्युमिनियमच्या दांड्यांपासून सुट्या करता येतील अशी जोडणी केली. मधे लाकडी फळी न घालता ताणलेले कापड बसविले. वजन वाचले आणि लाटेचे पाणी वर साचेना.

चाचण्यांत टॉर्नेडोने बाकीच्यांना मागे टाकले. १९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकमध्ये, किंग्स्टनच्या सरोवरात, तिचा वर्ग प्रथम खेळला गेला. सुवर्णपदक मिळाले रेज व्हाइट आणि त्याचा मेहुणा जॉन ऑस्बर्न ह्यांना. नाव बांधणाऱ्यानेच ती हाकून जिंकली, आणि तेही 'अमॅरिलिस'च्या तक्रारीला बरोबर शंभर वर्षे होताना.

२००८ पर्यंत टॉर्नेडो प्रत्येक ऑलिंपिकमध्ये होती. मधल्या काळात तिचे शीड वाढविले, दोघांनाही दोरावर लोंबकळण्याची मुभा दिली; पिळातून आलेला पोटाचा आकार मात्र ठेवला. मग समितीत मते मोजली गेली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधून जोडनाव वगळली गेली. जिथे ती घडली त्याच देशात. २०१६ साली रिओला जोडनाव परतली, परंतु ती निराळी, नाक्रा नावाची, एक स्त्री आणि एक पुरुष मिळून हाकण्याची.