टे नदीवरील आगगाडीचा पूल

वसईची खाडी आगगाडीनें ओलांडतांना आपणांपैकीं कितीजण रुळांखालच्या खांबांचा विचार करतात? बहुधा कोणीच नाहीं. आणि तो करावा लागूं नये, यांतच पूल बांधणाऱ्याचें यश आहे. या दृष्टीनें स्कॉटलंडांतील डंडी शहराजवळच्या पुलाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

तेथें टे नदी समुद्रास मिळण्यापूर्वीं फार रुंद होते. टॉमस बाऊच या इंजिनियरानें तीवर सुमारें दोन मैल लांबीचा, ८५ गाळ्यांचा पूल बांधिला. तो जून १८७८ मध्यें वाहतुकीस खुला झाला. पुढील वर्षीं राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली व बाऊच 'सर' झाला. खालून जहाजें जावींत म्हणून मधले १३ गाळे उंच केले होते.

२८ डिसेंबर १८७९, रविवार. सायंकाळीं सव्वासातच्या सुमारास, पश्चिमेचें भयंकर वादळ चालू असतां, गाडी पुलावर शिरली. दक्षिण तीरावरील सिग्नलवाल्यास तिचे दिवे कांहीं वेळ दिसले, आणि एकाएकीं नाहींसे झाले. डंडीकडून रेल्वेचे दोन नोकर त्या वाऱ्यांत रांगत पुलावर गेले. पुढें रूळ संपले होते. पुलावरून नेलेला पाण्याचा नळ तुटून त्यांतून पाणी उसळत होतें. तेराही उंच गाळे गाडीसह नदींत गेले होते. एकही उतारू वांचला नाहीं. मृतांची संख्या त्या वेळीं सुमारें ७५ मानली गेली. पुढील संशोधनानें ५९ नांवें निश्चित झालीं.

चौकशींत निघालें तें लज्जास्पद होतें. बाऊचनें वाऱ्याच्या दाबासाठीं वेगळी तजवीजच केली नव्हती. खांब बिडाचे, ओततांना त्यांत राहिलेलीं छिद्रें मेण, राळ, लोखंडाचा कीस व काजळी यांच्या लगद्यानें बुजवीत. वरून रंग दिला कीं खांब अखंड दिसे! पुलाच्या देखरेखीस ठेविलेला मनुष्य मूळचा गवंडी; पायांखालचा नदीचा तळ धुपतो कीं काय हें पाहणें त्याचें काम. खांबांमधील तिरप्या पट्ट्या खडखडतात हें त्याच्या कानीं आलें. त्यानें आपल्या बुद्धीनें पाचरी ठोकल्या. बाऊचला मात्र कळविलें नाहीं. मला या गवंड्याची कींव येते. जें काम त्यास कधीं शिकविलेंच नव्हतें, तें त्याच्या गळ्यांत कोणी घातलें?

तिघां चौकशी-अधिकाऱ्यांपैकीं अध्यक्षानें मुख्य दोष बाऊचच्या माथीं मारिला. दोष वांटणें हें आपलें काम नव्हे, असें इतर दोघे म्हणाले. बाऊच १८८० च्या ऑक्टोबरांतच वारला. त्या दोघांपैकीं एक, विल्यम बार्लो, यानेंच पुढें जुन्या पुलाशेजारीं दुहेरी रुळांचा भक्कम पूल आंखला. तो १८८७ मध्यें सुरू झाला व आजही गाड्या त्यावरून जातात. जुन्या पुलाचे पडावांतून राहिलेले बरेच गर्डर त्यांत वापरले आहेत. नदींतून काढलेलें २२४ क्रमांकाचें इंजिन दुरुस्त होऊन १९१९ पर्यंत धांवलें. रेल्वेचे लोक त्यास 'पाणबुड्या' म्हणत. जुन्या खांबांचे बुंधे नव्या पुलाच्या कडेनें अद्याप पाण्यावर डोकें काढून उभे आहेत.